रिकाम्या मांडीची भुलाबाई

निर्मलामावशी गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवरून कळलं. मी तेव्हा आईकडे अमरावतीला होते. सकाळी चहा घेताना फोन उघडला, तर ओळीने जोडलेले हात. कुणासाठी म्हणून वर सरकवत गेले, तर मावशींचं नाव. त्याच्याखाली कुणीतरी विचारलं होतं, पाण्याचा टँकर आज येणार की उद्या, आणि त्याचंही उत्तर लोकांनी लगोलग देऊन टाकलं होतं. मला इतका संताप आला की रडायचंच राहून गेलं. आई विचारत होती काय झालं, आणि मी म्हणाले, काही नाही गं, आमच्या वरच्या मावशी गेल्या. 'वरच्या मावशी'... एवढीच ओळख मला देता आली. नात्यात नसलेल्या माणसाचं सुतक नसतं. कुणी तुमच्याकडे भेटायला येत नाही, जेवलीस का म्हणून विचारत नाही. दीड महिना झाला, मी हे मनात घेऊन फिरते आहे, म्हणून शेवटी लिहायला बसले.

सक्करदऱ्याच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हा माझी रेवा तीन महिन्यांची होती. त्याआधी मी एका कॉलेजात तासिकांवर रसायनशास्त्र शिकवत होते. बाळंतपणानंतर कॉलेजने काही पुन्हा बोलावलं नाही, आणि घरच्यांना ते बरंच वाटलं. आता निवांत लेकरू वाढव, असं जो तो म्हणे. निवांत! असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला आठवडाभर माझ्या जागी बसवावं, असं मला अजूनही वाटतं. नवरा बुटीबोरीला कंपनीत, सकाळी जायचा तो दिवेलागणी होऊन गेल्यावर यायचा. लेकरावर माझा जीव होता, आणि तरी दुपारी मी इतकी एकटी असायची की कुरिअर घेऊन येणाऱ्या माणसाला आग्रहाने पाणी विचारायची, तेवढाच तो दारात थांबेल म्हणून. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की 'लेकरू आहे ना सोबतीला' हे उत्तर ठरलेलं.

अशाच एका दुपारी रेवा रडत होती आणि तिच्याबरोबर मीही. दार धाडधाड वाजलं. उघडलं तर साठी ओलांडलेली, चांगली उंच बाई, गाऊनवर ओढणी, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. दार तिने पायाने वाजवलं होतं. आवाजाची तक्रार करायला आली असणार म्हणून मी आधीच माफी मागायला सुरुवात केली. तिने ऐकूनच घेतलं नाही.

"दोघीजणी काहून रडून राहिल्या वं? चाल वर. पण लेकरू मी सांभाळणार नाही, आधीच सांगून ठेवते. माहे हात मातीचे आहेत."

मावशी एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. राखी झाली की त्या मूर्तिकारांच्या चितारओळीतून माती आणायच्या आणि भुलाबाई घडवायला बसायच्या. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई येते. पार्वतीच ती. महिनाभर माहेरी राहते आणि कोजागिरीला परत जाते. शेजारी नवरा भुलोजी, मांडीवर बाळ गणोबा. रोज संध्याकाळी पोरी जमून टिपऱ्यांवर तिची गाणी म्हणतात, मग डबा वाजवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखायचं. बाजारात रंगवलेल्या मूर्ती पाहिजे तेवढ्या मिळतात, पण मावशींना त्या कधी पटल्या नाहीत. सगळ्या एका साच्यातल्या, एकीचंही तोंड माहेरी आल्यासारखं दिसत नाही, असं त्या म्हणत. मावशींना मुलगी नव्हती. मुलगी नसलेल्या घरात भुलाबाई कशाला, असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, मी कोणाची मुलगी नाही का?

पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त माती मळायला बसवलं. खिडकीच्या गजाला जुन्या लुगड्याची झोळी बांधून दिली, रेवाला तीत मी टाकलं, आणि पायाने झोका देत मी माती मळत राहिले. मावशी समोर बसून काम करत होत्या, एक शब्द बोलत नव्हत्या. मला आठवतं, घरी उतरले तेव्हा हात दुखत होते आणि मला चक्क भूक लागली होती. दुसऱ्या दिवशी मी न बोलावता गेले. मग जातच राहिले. भुलाबाई झाली की दिवाळीच्या पणत्या, पुढे पोळ्याचे बैल, मधल्या काळात वाट्या, कासवं, काहीबाही. घरकामाचं एक असतं, सकाळी केलेलं संध्याकाळी मोडतं. धुतलेलं मळतं, शिजवलेलं संपतं. मातीचं कासव मात्र दुसऱ्या दिवशीही जिथल्या तिथे असायचं. वाकड्या मानेचं का असेना, मी केलेलं.

गोड स्वभाव वगैरे मावशींचा अजिबात नव्हता. 'छान झालं' हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. बैलाचं वशिंड फसलं की त्या ते बोटाने सपाट करून बैल माझ्या हातात परत द्यायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, मावशी, हा माझा छंद आहे, परीक्षा नाही. त्यावर त्या म्हणाल्या, मंग घरी जाऊन टीव्ही पाह्य. मी तरातरा खाली आले. चार दिवस गेले नाही, आणि त्या चार दिवसांत पुन्हा कुरिअरवाल्यांना पाणी विचारायला लागले... पाचव्या दिवशी गेले तर माझी माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. रोज ओली करत होत्या, हे उघड होतं. मी फडकं सोडलं आणि कामाला बसले.

दुसऱ्या वर्षी राखी झाल्यावर त्या म्हणाल्या, अवंदा भुलाबाई तू कर. मी तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. नथ केली, पाटल्या केल्या, पदराला नक्षी काढली, डोळे तर पुन्हा पुन्हा रंगवले. भुलोजी मावशींनी केला. पौर्णिमेच्या संध्याकाळी पाटावर दोघांना बसवलं, सोसायटीतल्या पोरी आल्या, त्यांच्या आया आल्या, आज्या आल्या. गाणी सुरू होणार तेवढ्यात एका चिमुरडीने विचारलं, काकू, गणोबा कुठे आहे?

मी पाहिलं. भुलाबाईची मांडी रिकामी होती. मी बाळ करायचंच विसरले होते. एवढी मांडी घातली, तिच्यावर पदराच्या चुण्या काढल्या, आणि बाळ नाही. आणि माझी स्वतःची पोरगी माझ्याच कडेवर! एक आजी हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, लेकराशिवाय भुलाबाई बसवत नसतात बाई, अपशकुन असतो.  मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं. दुपारी एखादा क्षण आपल्याला लेकरू नसल्यासारखं वाटतं आणि ते बरं वाटतं, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते असं पाटावर मांडलं गेलं होतं, हळदकुंकू लावून.

मावशी निरांजनाची वात सारखी करत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"माहेरी आली आहे ते. लेकरू आजीजवळ असन. महिनाभर तं तिले मोकळ्या हातानं बसू द्या."

एक बाई फस्सकन हसली. मग दुसरी. त्या आजीही तोंडावर पदर घेऊन हसल्या आणि गाणी सुरू झाली. सगळे गेल्यावर मी माती काढून गणोबा करायला बसले, तर मावशींनी माती माझ्यापुढून उचलली. तुले करावासा वाटला तं कर, म्हणाल्या, त्या बुढीसाठी नको करू. मग पाय पसरून बसल्या आणि पहिल्यांदाच स्वतःचं काही बोलल्या. मुलगा तान्हा असताना त्या कामठीला एका खोलीत राहत, यजमान फिरतीवर. दिवस दिवस तोंड उघडायला माणूस नसे. चुलीला लावायला आणलेल्या मातीची एकदा त्यांनी उगीच चिमणी केली.

"मी भिंतीशी बोलून राहिली होती वं," त्या म्हणाल्या. "चिमणी केली अन् त्या दिवशी भिंतीशी बोलली नाही. इतकंच."

त्या वर्षी कोजागिरीपर्यंत आमची भुलाबाई मोकळ्या हाताने बसली. पुढच्या वर्षी मी गणोबा केला, गुटगुटीत. मावशींनी त्याला उलटसुलट पाहिलं आणि त्याचा एक कान नीट केला.

मावशींना झोपेतच हृदयविकाराचा झटका आला. मी परत येईपर्यंत सगळं उरकलं होतं. मुलाने तेरावं केलं, सामान आवरलं, फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरवला. बिचारा भला माणूस, तरी मला त्याचा राग यायचा. तो त्या खोलीत चपला घालून फिरत होता एवढं कारणही पुरे व्हायचं. जायच्या आदल्या दिवशी तो एक बादली घेऊन खाली आला. आईची माती आहे, म्हणाला, फेकवत नाही, तुम्ही ठेवाल का? मी ठेवली.

बादलीतली माती वाळून दगड झाली होती. वरचं फडकं काढलं तर मधोमध अंगठ्याचा ठसा. माती झाकायच्या आधी मावशी एकदा अंगठा दाबून पाहायच्या, कितपत ओली आहे ते. मी माझा अंगठा त्यात ठेवला. त्यांचा बराच मोठा होता.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी विचारलं, यंदा भुलाबाई कुणाकडे? कुणीच उत्तर देईना. पोरींना शिकवण्या आहेत, बायकांना नोकऱ्या आहेत, मी समजू शकते. शेवटी मी लिहिलं, माझ्याकडे. नवरा म्हणाला, त्या बादलीला हात लावू नकोस, ठसा राहू दे, मी नवीन माती आणतो. चांगल्या मनाने म्हणाला. दोन दिवस मीही तेच ठरवलं होतं. बादली बाल्कनीत, मी तिच्यासमोर. रेवा आता शाळेत जाते आणि दुपार पुन्हा तशीच लांबलचक झाली आहे. मूर्ती करायला मला आता येते. पण समोर बसून, एक अक्षर न बोलता, स्वतःचं काम करत राहणारं माणूस कुठून आणू? मला मावशींची आठवण येते, फार येते, आणि ती सांगायला माझ्याकडे मावशीच होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तांब्याभर पाणी आणून बादलीत ओतलं. सुकी माती पाणी पिताना बारीक आवाज करते. कडा ढासळल्या, बुडबुडे आले, मधला खळगा पाण्याने भरला आणि थोडा वेळ तळाशी ठसा दिसत राहिला. मी उठले नाही. सकाळी माती मऊ झाली होती, अंगठा कुठे होता ते आता मलाही सांगता आलं नसतं. मी तीच मळायला घेतली.