‘संकलन’ कुठं राहतं

आष्ट्याच्या क्रांतीनं वीरधवल साहेबांना माफ केलं नव्हतं, आणि करायचा तिचा विचारही नव्हता. दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागाचे ते प्रमुख. बोलायला गोड, आणि दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवण्यात पटाईत.

पूर्वी संघाचा सर्व्हर बदलला की त्यांच्याच हाताखालची क्रांती स्कुटीवरून गावोगावची संकलन केंद्रं पालथी घालायची. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये डेटाबेसचा नवा पत्ता हातानं भरायचा. एखादं केंद्र राहिलं की तिथला सचिव तिच्या नावानं शिमगा करायचा. वैतागून तिनं रीतच बदलली. आता केंद्रावरचा कॉम्प्युटर पत्ता लक्षात ठेवत नसे. तो फक्त ‘संकलन’ हे नाव विचारी, आणि त्या नावाचा डेटाबेस सध्या कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगलीच्या कचेरीतली एकच नोंद त्याला सांगे. सर्व्हर बदलला तर ती एक नोंद बदलायची, बास.

वार्षिक सभेत या कामाबद्दल शाल-श्रीफळ मिळालं ते वीरधवलांना. क्रांतीनं तोंडावर जाब विचारला, तर महिन्याभरात तिची बदली कुपवाडच्या गोदामात झाली, पशुखाद्याची पोती उतरवून घ्यायला. तिथं ती रोज मनातल्या मनात त्या शालीच्या चिंध्या करायची.

त्या रविवारी दुपारी अध्यक्षांच्या हस्ते नव्या सर्व्हरची पूजा होती. लगेच जुना बंद होऊन नवा सुरू होणार होता. वीरधवलांनी ग्रुपवर ऐटीत लिहिलं, ‘केंद्रांवर काहीही बदलायचं नाही. नाव तेच राहील.’ वाचून क्रांतीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नाव तेच, खरं आहे. पण नावापुढचा पत्ता कुणी बदलायचा? तो बदलावा लागतो हेच या बाबाला माहीत नव्हतं. ‘आता कधीच काही बदलावं लागणार नाही’ ही सभेत मारलेली थाप त्याला स्वतःलाच पटली होती. तिनं एक फोन केला असता तर सगळं निभावलं असतं. तिनं केला नाही. खुशाल भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली.

संध्याकाळी तिची आई शालूबाई दूध घालायला गेली आणि भरली किटली तशीच घेऊन परत आली.

“कॉम्प्युटर बंद हाय म्हणं. पावती न्हाई तर दूध न्हाई,” किटली आदळत ती म्हणाली. “ज्येनं ह्ये केलं त्येचं वाटुळं हू दे.”

घरचंही दूध यात अडकेल हे क्रांतीच्या ध्यानात आलं नव्हतं. पण शिव्या योग्य माणसाला पडत होत्या, त्यामुळे तिला बरंच वाटलं.

तेवढ्यात वीरधवलांचा फोन आला. तिनं तो वाजू दिला. पुन्हा आला तेव्हा स्पीकर लावून घेतला.

“क्रांती, सगळी केंद्रं बंद आहेत. अध्यक्ष इथंच बसलेत. काय करायचं सांग.”

“सर, रचना तुमची. मी काय सांगणार?”

तिनं फोन आईजवळ सरकवला.

“इथं माझी आई बसलीय. ही रचना कुणी केली तेवढं तिला सांगा, मग मी इथूनच नोंद बदलते.” त्या नोंदीचा पासवर्ड अजून तिच्याकडंच होता. असा काही पासवर्ड असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं, मग काढून कोण घेणार?

वीरधवलांचा आवाज पार उतरला. “काकू, ही सगळी व्यवस्था क्रांतीनं केली. मी नाही. तिच्याशिवाय एकही केंद्र चालत नाही.”

हे अध्यक्षांनीही ऐकलं असणार. गोदामात पोत्यांच्या धुळीत ज्या वाक्याची ती वाट बघत होती, ते हेच. क्रांतीनं डोळे मिटून ते पुन्हा एकदा मनात घोळवलं.

शालूबाईनं किटलीकडं पाहिलं, मग लेकीकडं.

“म्हंजी दूध तुज्यामुळं माघारी आलं व्हय गं?”