रतनबाईचे खालचे चार दात

लिंबागणेशच्या अंगाला, माळावर शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांची जी वस्ती आहे, तिथे जनावराची पारख करायची असली की रतनबाईला बोलावणे जाई. धारूरच्या बाजारात विकणारा आपल्या शेळीचे गुण गात असताना ती काही ऐकत नसे. जबडा धरायचा, अंगठ्याने खालचा ओठ मुडपायचा आणि निकाल द्यायचा : दोन दाती, चार दाती, किंवा जुळलेली, म्हणजे आठही दात पुरे झालेली. दात लांब दिसू लागले, त्यांच्यात फटी पडल्या, की ती ते जनावर सोडून देई. दात वाढलेला नसतो, हिरडी खाली उतरलेली असते. आणि हिरडी उतरलेल्या शेळीला माळावरचे खुरटे गवत तोडता येत नाही. हे ज्ञान तिला तीस वर्षांत उघडलेल्या हजारो तोंडांनी दिले होते.

त्या हजारोंमध्ये एक तोंड मात्र बघायचे राहून गेले होते.

रतनबाईचे वय चव्वेचाळीस. भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मिश्री, ती सकाळ-दुपार दातांना चोळी. गेली दोन वर्षे भाकरी चावताना अधूनमधून रक्त दिसे, आणि त्याचा अर्थ वस्तीत सर्वांना ठाऊक होता : घाण रक्त आहे, जाऊ द्यावे. ज्या बाजूने रक्त येई त्या बाजूला बोट लावायचे नाही, अशीही रीत होती. बैलाच्या दुखऱ्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याच न्यायाने दुखऱ्या हिरडीला विसावा. युक्तिवाद दयाळू होता आणि संपूर्ण चुकीचा होता. शिवाय घराण्याचा दाखला होताच. तिची आई भिवराबाई पंचेचाळिशीत बोळकी झाली होती, आजीही तशीच. खालचे पुढचे चार दात हलू लागले, तेव्हा रतनबाईला त्यात नवल वाटले नाही. आपली पाळी आली, एवढेच तिने मनाशी म्हटले.

हिवाळ्यातल्या एका बाजारी तिने लखन नावाच्या पोराची शेळी नाकारली.

"हिरडी उतरली रं हिची. न्हाई चालायची."

लखनही काही कमी नव्हता. "मावशे, माझ्या शेळीची उतरली, कबूल. तुमची कवा उतरली?"

आजूबाजूचे गडी खो-खो हसले. रतनबाईने त्या वेळी त्याला दोन शब्द सुनावले; पण घरी आल्यावर सुनेचा आरसा घेऊन ती उन्हात बसली आणि आपलाच ओठ अंगठ्याने मुडपला. बराच वेळ बघितले. मग सुनेला, संगीताला, हाक मारून ती शांतपणे म्हणाली, "ही शेळी म्या घेतली नसती."

संगीताने तिला मांजरसुंब्याला दातांच्या डॉक्टर मोहिनी यांच्याकडे नेले. डॉक्टरांनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत हलकेच उतरवली आणि त्या एकेक आकडा सांगत गेल्या. निरोगी हिरडीत ती सळई तीन मिलिमीटरपर्यंत जाते. त्या चार दातांपाशी ती सहा आणि सात गेली.

"मावशी, मुळांवर कठीण किटण चढलंय. ते मी काढते. पुढचं काम तुमचं. मिश्री बंद, आणि जिथून रक्त येतं तिथंच मऊ ब्रशने रोज दोनदा घासायचं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. खोली कमी झाली तर दात राहतील. नाही झाली तर हे चार काढावे लागतील."

"वय झालं म्हना की बाई. वयाला का इलाज हाय?"

"शेळीचे दात वयानं लांब होतात. तुमचे आजारानं झालेत. वय मागं फिरत नाही. आजार थांबवता येतो."

दुखऱ्या जागी बोट लावू नये असे आयुष्यभर मानलेल्या बाईला तिथेच ब्रश फिरवायचा होता. त्यात मिश्री सुटलेली. पहिले आठ दिवस तिचे डोके ठणके, आणि तिचा राग घरभर फिरे. नवरा सटवा शेळ्यांना घेऊन भल्या पहाटेच निघू लागला. "घरच्या परीस माळावर लांडगं परवडलं," असे तो शेजाऱ्याला सांगे.

खरा घाव पंधराव्या दिवशी बसला. रक्त कमी होण्याऐवजी वाढले. चूळ लाल झाली. पलीकडच्या खोपटातून भिवराबाई आली, तिने ती चूळ बघितली आणि खाली बसली.

"म्या म्हणलं न्हवतं का? मिसरीनं दात बांधून ठिवलं हुतं. आपल्या घराण्याचं दात पन्नाशी बघत न्हाईत, पोरी. कशापायी जीवाला तरास?"

रतनबाईचा हात कोनाड्यातल्या मिश्रीच्या डबीकडे गेला. संगीता आडवी आली नाही. तिने फक्त फोन लावला आणि सासूच्या कानाला धरला. "आत्या, बोला. तुमीच इचारा."

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. "तंबाखू रक्तवाहिन्या आवळून धरतो, मावशी. आधी रक्त कमी येत होतं ते आजार कमी होता म्हणून नव्हे. तो झाकलेला होता. आता तो दिसतोय. घासणं सोडू नका, आणि उद्या मला दाखवून जा."

बाजारात विकणारे कातडीला तेल चोळून चकाकी आणतात आणि खाली खरूज असते. असली जनावरे रतनबाईने वास घेऊन ओळखली होती.

"म्हंजी तेल लावून खरूज झाकल्यावाणी," ती म्हणाली. "अन् म्या रोज माझ्याच हातानं तेल लावत हुते."

डबी तिने उकिरड्यावर नेऊन रिकामी केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंड तपासले आणि घासण्याची पद्धत पुन्हा हात धरून शिकवली. त्यानंतर रतनबाईने कोणाचा सल्ला विचारला नाही. रोज सकाळी उन्हात आरसा, रोज तीच तपासणी : रंग कसा, सूज किती, कुठे दाबल्यावर काय येते. पाचव्या आठवड्यात रक्त थेंबावर आले. आठव्यात थांबले. जांभळट, फुगीर हिरडी फिकट गुलाबी होऊन दाताला घट्ट बिलगली.

तीन महिन्यांनी सळई पुन्हा उतरली. तीन. चार. तीन. तीन. रतनबाईने ते आकडे डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतले.

"काढायचा एकही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उतरलेली हिरडी मात्र वर चढणार नाही. दात लांबच दिसतील. आणि दर तीन महिन्यांनी यायचं."

"दिसू द्या लांब. धरून हायत न्हवं?"

वस्तीवर परतल्यावर तिने आईला बातमी सांगितली. भिवराबाईचा विश्वास बसेना. "हिकडं ये. बघू दे." तिने लेकीला ओसरीत बसवले, आपले सुरकुतलेले बोट तिच्या तोंडात घातले आणि पहिला दात ढकलून पाहिला. मग दुसरा. तिसरा. चौथ्याला तिने सगळा जोर लावला, थांबली, आणि पुन्हा लावला.

"हलत न्हाई गं," ती तक्रार केल्यासारखी म्हणाली. आणि आईचे बोट तोंडात असतानाच रतनबाई हसत सुटली.