शेजाऱ्याचे तर्पण

श्रीगजाननाला आणि गोदामातेला वंदन करून, आजच्या भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या निमित्ताने एका यजमानाचे स्मरण करतो. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांना आज पाणी देतात. हा गृहस्थ पाच वर्षे न चुकता या तिथीला गोदाघाटावर तर्पणासाठी माझ्यासमोर बसे. यंदा आला नाही.

"अपील चालू आहे," हे त्याचे पालुपद. प्रकृती कशी आहे? "अपील चालू आहे." घराला रंग का नाही दिला? "अपील चालू आहे, गुरुजी." चहात साखर किती, असे विचारले तरी तो क्षणभर थांबे, आणि मला हसू आवरावे लागे.

गंगापूर रोडला त्याचे घर. शेजाऱ्याशी भिंतीला भिंत, आणि वैर नळाच्या पाण्याचे. एकाने मोटार लावली की दुसऱ्याची टाकी कोरडी. एके सकाळी शेजारी जिन्याखाली मृत सापडला; डोक्याला घाव होता. सत्र न्यायालयाने याला जन्मठेप दिली. उच्च न्यायालयात अपील दाखल झाले, जामीन मिळाला, आणि त्याच वर्षी तो प्रथम घाटावर आला.

"पडून गेलेल्याचंही आजच ना, गुरुजी?"

"आजच. गेलेले आपले कोण?"

"शेजारी. त्याला मूलबाळ नाही. कोर्टाने त्याचं नाव माझ्या नावाला बांधलंय, तर पाणी मीच देतो."

परक्यालाही पाणी द्यावयास शास्त्राची आडकाठी नाही. स्नानाचा संकल्प मी अर्थासह सांगू लागलो. 'मम सकलपापक्षयार्थम्', म्हणजे माझ्या सर्व पापांचा क्षय व्हावा म्हणून. त्याने ओंजळीतले पाणी नदीत सोडून दिले.

"तेवढं नको."

"अहो, हे सगळेच म्हणतात. मी रोज म्हणतो."

"तुमचं अपील नाही चालू."

पुढे दरवर्षी त्या शब्दांपाशी तो ओठ मिटून घेई. वकिलाच्या धाकातला भित्रा माणूस, असे समजून मी ते शब्द गाळू लागलो.

तिसऱ्या वर्षी मृताची पत्नी घाटाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "काय रे, जिवंतपणी नळाला थेंब येऊ दिला नाहीस, आणि आता ओंजळीने पाजतोस?"

त्याने हात जोडले. "वहिनी, अपील चालू आहे."

घाटावर कोणीतरी हसले. ती हसली नाही.

यंदा श्रावणात निकाल लागला. पुरावा अपुरा, संशयाचा फायदा, निर्दोष सुटका. दुसऱ्याच दिवशी तो आला आणि पेढे न देता थेट पाण्यात उतरला. मी सवयीने ते शब्द गाळले.

"गाळू नका, गुरुजी," तो म्हणाला. "आता अपील नाही."

आणि ते शब्द त्याने स्वतःच उच्चारले. सावकाश, स्पष्ट, तीन वेळा. अर्थ त्याला ठाऊक होता. बाहेर आल्यावर माझ्या पायांना हात न लावता तो निघून गेला. तेव्हापासून घराला कुलूप आहे.

आज त्याच्या जागी मृताची पत्नी येऊन बसली.

"वरच्या कोर्टात जायची मुदत आहे अजून. वकील म्हणतात, नवं काही कळलं तर सांगा. सुटल्यावर तो इथे आला होता ना, गुरुजी? काय म्हणाला?"

"संकल्प म्हणाला, ताई."

"म्हणजे?"

"सगळे म्हणतात तोच."

तिने वकिलाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी माझ्या ताम्हनापाशी ठेवली. "आठवलं तर," एवढेच म्हणून ती पायऱ्या चढून गेली.

मी असत्य बोललो नाही. पण सायंसंध्येला बसलो, आणि संकल्पातले पापक्षयाचे शब्द मीच गाळले. चिठ्ठी ओली झाली आहे. अक्षरे अजून वाचता येतात.

वाचकहो, तुमच्या घरी आणि भिंतीपलीकडच्या घरीही पाणी सारखे येवो. तुमच्या मुलाबाळांना दीर्घायुष्य लाभो, आणि जे बोलायला हवे ते वेळेवर बोलण्याचे बळ ईश्वर तुम्हांला देवो.