उल्हासच्या भिंतीवरचे सायलेन्सर

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या पेपरच्या यवतमाळ कार्यालयात कापसाच्या आवकेची बातमी तपासत होतो. दिग्रसहून कमलाताईंचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." उल्हास राठोड, त्यांचे यजमान, माझा कॉलेजपासूनचा मित्र. मोटारसायकल मेकॅनिक. किडनीचा आजार दोन वर्षे चालला होता, बातमी अनपेक्षित नव्हती. तरी आवकेचे आकडे मला पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले...

कपाशी बरी पिकली की तांड्यांवरची, खेड्यांतली पोरे नवी गाडी घेऊन त्याच्याकडे येत. कंपनीचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवायचा. नुसता बदलला तर नव्या गाडीचे इंजिन तापते, म्हणून तो लॅपटॉप जोडून पेट्रोल किती सोडायचे तेही बदलून देई. घाटंजीचा एक जण म्हणाला, "काका, आवाज इथून घरापर्यंत गेला पाह्यजे." उल्हासने मान वर केली नाही. "मंग आवाजच धाडून दे ना बे. तू कायले पेट्रोल जाळतं?"

काढलेला सायलेन्सर मात्र तो भंगारात जाऊ देत नसे. पांढऱ्या रंगाने नाव-गाव लिहून भिंतीला टांगायचा. इंजिनाची मूळ सेटिंग त्याच नावाने लॅपटॉपमध्ये ठेवायचा. "बोंडअळी आली का हाच पोरगा गाडी विकाले काढते. घेणाऱ्याले कंपनीची होती तशीच पाह्यजे." तसेच होई. मग वाईट हंगाम लागोपाठ आले आणि गाड्या पूर्ववत करणे, एवढेच काम उरले. काही जण तेवढ्यासाठीही आले नाहीत. कोणी पुण्याला कामाला गेले, कोणी गाडी तशीच देऊन टाकली...

शेवटच्या भेटीत तो दुकानात खुर्चीवर बसून होता. जागामालकाला दुकान परत हवे होते. "पेपरात दे ना गा. लोकायच्या वस्तू आहेत, लोकायले भेटल्या पाह्यजे." ही बातमी होत नाही, असे मी त्याला सांगितले. तो "बरं" म्हणाला.

परवा गेलो, तेव्हा कमलाताई दारातूनच भंगारवाल्याला परत पाठवत होत्या. "आमचं काहीच नाही इथं. विकू काय?"

एकतीस सायलेन्सर आहेत. दिग्रसचे दुकान महिनाअखेरपर्यंत, सकाळी दहा ते दुपारी दोन, उघडे राहील. मूळ सेटिंग घालून द्यायला कमलाताई शिकल्या आहेत. पावती लागत नाही, नाव आणि गाव सांगावे. गाडी आता नसेल, तरी यावे.