मुंडावळ्यांच्या काकूंचा डूख

मुंडावळ्यांच्या काकू कुणाला माफ करत नसत. मुलुंडच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या बाईंनी एकदा त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तर काकू त्यांच्याशी अकरा वर्षं बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "अहो, चुकून राहिलं असेल." तर म्हणाल्या, "चुकून? मग हळदीकुंकूपण चुकून केलं काय तिनं?"

विकायच्या मुंडावळ्यांचे मोती ओवताना मात्र हीच बाई तासन्‌तास शांत बसायची. सैल गाठ त्यांना खपत नसे. मुंडावळ्यांच्या प्रत्येक डब्यात त्या स्वतः कुंकू चोळलेल्या अक्षतांची पुडी ठेवायच्या. "मला कोण बोलावतंय लग्नाला? माझ्या अक्षता तरी जाऊ देत," असं म्हणायच्या.

मी तेव्हा घरून ऑफिसचं काम करत असे. फावल्या वेळात काकूंचं दुकान मी एका ॲपवर मांडून दिलं. फोटो, ऑर्डरी, पार्सलं सगळं माझ्याकडे. भरपूर ऑर्डरी भिवंडीच्या एकाच गोदामाच्या यायच्या, फक्त लॉकरचा नंबर वेगळा. "काय गो, भिवंडीत एवढी आपली लग्नं?" काकूंनी विचारलं. मी समजावलं, की परदेशातली माणसं तिथे आपापला लॉकर घेतात, इथला पत्ता म्हणून ते गोदाम देतात आणि गोदामवाले सामान पुढे धाडतात. पण काही देशांत बाहेरचा तांदूळ चालत नाही, हे आम्हा दोघींच्या डोक्यातही आलं नाही.

आणि मेलबर्नच्या एका नवरीचा डबा तिथल्या विमानतळावर अक्षतांपायी अडकला. मुंडावळ्यांशिवाय लग्न लागलं. काकूंनी माझ्याकडून चार वेळा माफी लिहवून घेतली. बाई ऐकेना. "म्हातारी लबाड आहे, डब्यात कचरा भरून पाठवते," असं तिनं ॲपवर लिहिलं, मैत्रिणींकडूनही लिहवलं. ॲपवाल्यांनी दुकान बंद केलं. काकूंनी ते शब्द माझ्या फोनवर पुन्हा पुन्हा वाचले आणि शेवटी मालवणीत म्हणाल्या, "तिका मी सोडूचंय नाय."

खरं सांगते, त्यांच्याहून जास्त मी पेटले होते.

खटपटी करून दोन महिन्यांनी दुकान उघडलं. भिवंडीच्या डब्यांत अक्षता घालणं आम्ही बंद केलं होतं. मग एक दिवस त्या बाईच्याच लॉकर नंबरची ऑर्डर आली. नाव वेगळं, गाव मेलबर्नच. "काकू, तीच ही. नाव बदलून आलीय, दुसऱ्या कुणासाठी तरी," मी म्हटलं. खात्री करून घ्यावी असं मला वाटलंच नाही. ती तीच असायला हवी होती.

काकूंनी मुंडावळ्या नेहमीसारख्याच सुबक केल्या. कामात खोट काढायला जागा द्यायची नव्हती त्यांना. मग मूठभर अक्षता कागदाखाली पसरल्या. "खा म्हणावं आता तांदूळ!" चिकटपट्टी मी लावली. इतक्या आनंदानं मी दुसरं कुठलंच पार्सल बांधलेलं नाही.

डबा अडकला. आम्ही खूश. आठवड्याभरानं नवरीचा निरोप आला: "आजी, डबा विमानतळावरच राहिला, पण आत अक्षता होत्या हे कळलं. आई गेल्यापासून इतक्या मायेनं मला कुणी काही पाठवलं नव्हतं. आम्ही फुलांच्या माळा बांधल्या. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मी गोदामात फोन केला. पहिल्या बाईनं लॉकर केव्हाच सोडला होता. तो गोदामवाल्यांनी नव्या गिऱ्हाइकाला दिला होता.

मी काकूंना हे सगळं सांगितलं. "शिव्या तरी द्यायच्या होत्या पोरीनं," एवढंच म्हणाल्या. त्यांनी मोत्यांचे डबे माळ्यावर टाकले ते कायमचे. "चूक माझी होती, तीच ही असं मी म्हटलं," हे मी त्यांना कितीदा सांगितलं. "मूठ माझी होती," त्या म्हणायच्या.

पुढे माझं लग्न ठरलं. मी हट्टानं मुंडावळ्या मागितल्या.

"नाही."

"काकू, ती मुलगी विसरलीसुद्धा असेल."

"तिचं ती बघेल. मी कुठे विसरलेय?"

मी बाजारातल्या बांधल्या. लग्नाला काकू आल्या, साडीचा आहेर दिला, पोटभर जेवल्या, निघताना मला घट्ट जवळ घेतलं. माझ्या कपाळाकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.