फोटोतली घोंगडी

केजला मी ऑनलाइन विक्रीचा वर्ग घेतो. तिथं एक बाई नेकनूरहून जीपनं येत आणि पदरानं मोबाइल पुसल्याशिवाय त्याला हात लावत नसत. त्यांना घोंगड्या विकायच्या होत्या, पण फोटोसाठी नवी घोंगडी उलगडायला तयार नव्हत्या. "घेणाऱ्याच्या आदी कुणी अंगावर घ्यायची न्हाई, सर." म्हणून त्यांनी वर्गात काढलेल्या आपल्या ब्लॉगवर सासऱ्यांच्या खांद्यावरच्या जुन्या घोंगडीचा फोटो टाकला. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते तीच मागत. "आता तरी फोटो बदला," मी वैतागून म्हणालो. ब्लॉगवर आजवर अक्षरही न लिहिलेल्या बाईंनी त्या दिवशी फोटोखाली लिहिलं: "ही आमच्या मामंजींची हाय. तुमची अशी व्हायला लई वर्सं पांघरावी लागंल."