कळवणच्या पाहुणीचा अंबाडा

आधी चहा संपवा बरं सगळ्यांनी. मागून ठसका लागला तर माझ्या नावानं खडे फोडू नका! हं, आता ऐका मी काय दिवे लावले ते.

माझा स्वभाव संशयी. आहे तर आहे! दूधवाला दारात आला की मी आधी दुधात बोट बुडवणार, मग त्याच्या तोंडाकडे बघणार. शिवाय ते सत्याग्रहाचे दिवस. आळीत अनोळखी माणूस दिसला की साध्या कपड्यातला पोलीस असेल म्हणून सगळेच दबकायचे. मग मी एकटीच का हो संशयी?

त्यात आली धुळवड. नाशकात त्या दिवशी घरोघरचे वीर, म्हणजे देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक, वाजतगाजत गंगेवर, आमच्या गोदावरीवर न्यायचे, पोरांना देवांची सोंगं द्यायची. देवांचं एक ठीक! पण आमच्या आळीतला दामू लुगडं नेसायचा. गणपतीच्या मेळ्यात बाईची कामं करायचा मेला. आदल्या धुळवडीला तो 'मुलाची आत्या' बनून आमच्याकडे आला, माझ्या नणंदेला, यमूला, बघितलं, डबाभर करंज्या रिचवल्या आणि निघताना पदर उडवून शिट्टी मारली! वर्षभर आळी मला हसत होती. मी ठरवलं, पुन्हा फसले तर नाव बदलीन.

यंदा मात्र यमूला खरंच कळवणचं स्थळ सांगून आलं होतं. आमचा फुलांचा मळा, त्यांचा भाजीचा. आधीची दोन स्थळं फिसकटलेली, त्यामुळे सासूबाई देव पाण्यात घालून बसलेल्या. मुलाची आई रंगपंचमीला येणार असा निरोप होता.

आणि धुळवडीच्या दुपारी दारात एक बाई उभी! आमचे हे हार विकायला गंगेवर, सासूबाई देवळात. घरात मी आणि यमू.

"रामराम. कळवणहून आले. पोरीला बघाया."

आवाज कसा? घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा! उंची चौकटीला टेकेल एवढी, पाय हे असे, तोंडावर गुलालाचा थर आणि ओठावर चक्क लव! मी मनात म्हटलं, ये दाम्या, ये.

"निरोप तर पंचमीचा होता?"

"व्हता की. पण आमचा वीर आणलाय गंगेवर, मानसं तिकडं नाचत्यात. म्हटलं, लगोलग पोरगीबी बघून घ्यावी."

"आणि एकट्याच आलात?"

"मला काय वाघ खातोय?"

उत्तरं कशी तयार होती बघा! मी पाट मांडला, पाणी दिलं आणि गोड हसून म्हटलं, "नाव घ्या बघू आधी. उखाण्यात."

"ह्या वयात? अवो, मला सून यायची वेळ झाली!"

टाळलं! पाहिलंत ना?

"बरं, मग एक भाकरी थापून दाखवा."

"पाव्हणीला भाकरी थापाया लावता? नाशकाची रीत लय न्यारी हाय बाई!"

हेही टाळलं! आता मला पुराव्याची गरज होती का? यमू आतून हातवारे करत होती, "वहिनी, नको गं, खरी वाटते." मी म्हटलं, "तू गप! मागच्या वर्षीही तुला खरीच वाटली होती!"

बाई तांब्या ठेवायला वाकल्या. मी मागून गेले, अंबाडा मुठीत धरला आणि ओढला. आणि काय सांगू! अख्खा अंबाडा माझ्या हातात!

मग मला कोण आवरतो? अंगणात धावले. "सापडला! दाम्या सापडला!" म्हणून अशी बोंब ठोकली की सगळी आळी गोळा झाली. बाई माझ्या मागे बाहेर आल्या, तशी रंगाची बादली उचलली आणि त्यांच्या डोक्यावर उपडी केली.

तेवढ्यात गर्दीतून हिरव्या लुगड्यातली एक नाजूक बाई मुरडत पुढे आली. "वहिनी, दामू तर मी. ही कोण गं?"

माझ्या हातात गंगावन लोंबत होतं. हो, गंगावन! केस विरळ झाले की बायका अंबाड्यात गुंफतात ते खोटे केस. ते मला सुचू नये? मला?

बाई निथळत उभ्या होत्या. डोक्यावर लिंबाएवढा बुचडा. "पोरगी बघाया आले, न माझीच शोभा झाली," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. यमूचं तिसरं स्थळ मी माझ्या या हातांनी बुडवलं होतं.

तेव्हा यमू बाहेर आली. मला ओलांडून गेली, गर्दीला हाकललं, बाईंना आत नेऊन कोरडं लुगडं दिलं. माझ्या हातातून गंगावन घेतलं, धुतलं, वाळवलं, विंचरलं. मग त्यांचा अंबाडा घालून वर मोगऱ्याची वेणी माळली. "आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही," म्हणाली.

बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "ही पोरगी माझी झाली. आन् त्या वैनीचं मांडवात बघते."

मी ते थट्टेवारी नेलं. इथेच चुकले! एवढी संशयी मी, नेमका तिथे संशय आला नाही.

वैशाखात लग्न लागलं. विहिणीचा मान करायला मी ताट घेऊन पुढे झाले. कुंकू लावलं, ओटी भरली आणि पाया पडायला वाकले. तर विहीणबाईंनी माझा अंबाडा मुठीत धरला आणि ओढला.

आला हो हातात!

माझं लग्न झाल्यापासून नवऱ्यालासुद्धा ज्याचा पत्ता लागू दिला नव्हता, ते माझं गंगावन भर मांडवात लोंबत होतं. आमचे हे आ वासून बघताहेत, सासूबाईंनी कपाळाला हात लावलाय, आणि विहीणबाई घागरीतल्या आवाजात ओरडताहेत:

"पाव्हणं, धावा रं! ह्यो बी दामूच हाय!"